पाणकणसातल्या गाठी

मला त्या गावात खोली मिळाली नाही, तिथूनच सांगायला हवं. निफाडच्या पुढे, गोदावरीवरच्या बंधाऱ्याच्या काठी प्राथमिक शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मला सोडायला वडील नाशिकहून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात माझी ट्रंक घेऊन. पहिल्या घरी पाणी मिळालं, मग आडनाव विचारलं गेलं, मग घरमालकाला एकदम आठवलं की त्या खोलीत कांदा भरायचा आहे. दुसऱ्या घरी आडनाव आधी विचारलं, त्यामुळे पाण्याचा प्रश्नच आला नाही. तिसऱ्या घरची दोन मुलं माझ्याच वर्गात बसणार होती. त्यांचा बाप म्हणाला, "तुम्ही शिकलेली माणसं. समजून घ्या." समजून घ्यायचं काम दर वेळी आमच्याकडेच का येतं, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पाण्याच्या कडेला मासे धरणाऱ्या भोयांची आठ-दहा घरं होती. शेवटच्या घरापुढे पन्नाशीची एक बाई जाळं शिवत बसली होती. नवरा वारलेला, मुलगी मालेगावकडे दिलेली, अंगणात एक तांबडी कोंबडी, एवढाच तिचा संसार. तिने ट्रंकेकडे पाहिलं, वडिलांच्या शर्टाला आलेल्या घामाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझी पडवी रिकामी हाय. चुलीचा धूर येतो. चालत आसंल तर ऱ्हा." वडील सरळ माणूस. नंतर कटकट नको म्हणून त्यांनी आधीच आम्ही कोण ते सांगितलं. तिने दाताने दोरा तोडला. "ते मला काय करायचं? पोरगी मासं खाती का, ते सांगा."

मी तिला मावशी म्हणू लागले. त्या पडवीत मी पाच वर्षं राहिले, आणि जे सांगणार आहे ते त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातलं.

बंधाऱ्यामुळे नदीचा फुगवटा दूरवर पसरलेला होता. पाणी संथ, कुठे पुरुषभर, कुठे गुडघाभर, आणि त्यात मैलोन्‌मैल पाणकणीस उभं. माणसापेक्षा उंच हिरवी पाती आणि त्यावर तपकिरी कणसं. अधूनमधून पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळी. काठावरून पाहिलं की नुसती भिंत दिसायची. आत शिरलं की त्या भिंतीत पन्नास गल्ल्या असत, आणि त्यांतल्या पंचेचाळीस गाळात जाऊन संपत. त्या गाळात एकदा पाय गेला की दुसऱ्या पायाने तो काढायची सोय नसे.

या गल्ल्यांतून जायचं मावशीचं होडकं डांबराच्या पिंपाचा पत्रा ठोकून केलेलं होतं. लांबट, अरुंद, एका माणसापुरतं. तळाशी गोणपाट टाकून पाय पसरून बसायचं. पाणी इतकं जवळ की कोपर भिजायचं. वल्ही म्हणजे दोन हातांत दोन लाकडी फळकुटं, धुण्याच्या धोपाटण्यासारखी. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि आवाज अजिबात करायचा नाही. नवऱ्याचं जुनं होडकं तिने मला दिलं. पहिले पंधरा दिवस मी रोज उलटत होते आणि काठावरच्या बायकांना करमणूक होती. महिन्याभराने ती म्हणाली, "आता पडलीस तरी बुडायची नाय. चल माझ्या मागं."

मागं. हा शब्द तिथे फार महत्त्वाचा होता. दर पावसाळ्यात पूर यायचा, गाळ हलायचा, पाणकणसाची बेटंच्या बेटं उखडून दुसरीकडे जाऊन बसायची. गेल्या वर्षीची वाट या वर्षी वाट नसे. म्हणून दिवाळीनंतर, पाणी निवळलं की मावशी तीन दिवस एकटी आत जायची. सकाळी काही खायची नाही. फळकुटाने तळ चाचपत एकेक गल्ली तपासायची आणि पाणकणसाच्या पात्यांना गाठी मारत जायची. एका पात्याला साधी गाठ म्हणजे सरळ जा. दोन बाजूंची पाती एकमेकांत पिळलेली, तर इथे वळ. पातं मोडून पाण्याकडे बांधलेलं, तर पुढे गाळ आहे. गाठ मारायची ती होडक्यात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी. उभं राहून पाहणाऱ्याला ती दिसतच नसे. आणि सगळ्या भोयांचा एक नियम होता, ज्याने गाठी मारल्या तो पुढे. बाकीचे मागे, मग तो सरपंच का असेना.

हिवाळ्यात पक्षी येत. त्यांच्यामागे नाशिक-पुण्याकडची दुर्बिणीवाली माणसं येत. मावशी त्यांना एकेकाला होडक्यात बसवून, दुसऱ्या होडक्यातून पुढे राहून आत नेई. ही माणसं काठावर इतकी बडबड करत की बगळेही कंटाळून उडत. मावशी फक्त बोट ओठांवर ठेवायची. मग आत, त्या हिरव्या गल्लीत, जांभळ्या पाणकोंबड्या हातभर अंतरावरून जात, आणि प्राध्यापक, डॉक्टर, वकील सगळे तोंड मिटून एका अंगठेबहाद्दर बाईच्या मागे मुकाट जात. मला ते दृश्य फार आवडे. हिवाळ्याचे चार महिने तिची चूल त्यावर चालायची, आणि उरलेले आठ महिने मासळीवर. दोन्हीला वाट तीच.

आता एका साहेबाकडे येते. हे पाणी पक्ष्यांसाठी राखायचं ठरलं होतं आणि ज्या खात्याकडे ते काम होतं, त्या खात्याचा हा मधला अधिकारी. शाळेत आला, फळ्यावर मी काढलेला तालुक्याचा नकाशा पाहिला आणि म्हणाला, "बाई, हात फार सुंदर आहे तुमचा." स्तुतीने मी लगेच पाघळते, हा माझा जुना रोग आहे. तो पुढे म्हणाला की मावशींना वाटाड्या म्हणून खात्यात कायमचं घ्यायचं आहे, मात्र फाइलला आतल्या वाटांचा नकाशा जोडावा लागेल. मला वाटलं, आपण हे गुपचूप करावं आणि नेमणुकीचा कागद हातात आला की तिला दाखवावा. पडवीचं ऋण फेडायची यापेक्षा चांगली संधी कुठली?

म्हणून मी तिला विचारलं नाही. तिच्यामागून जाताना मी प्रत्येक गाठीचा अर्थ विचारत राहिले, आणि तिने का म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं, "वर्गातल्या मुलांना सांगीन." ती खूश झाली. कधी कधी होडकं थांबवून माझा हात धरून गाठ मारायला लावायची. घरी येऊन मी ते सगळं चित्रकलेच्या वहीत उतरवत होते. गाठींच्या जागा, वळणं, गाळ. कोपऱ्यात भोयांची घरं काढली आणि सहज म्हणून शेवटच्या घरापुढे मावशीची कोंबडी काढली, एक पाय वर धरलेली. मग मोठ्या कागदावर स्वच्छ प्रत केली, कोंबडीसकट, आणि साहेबाच्या हातात दिली. रोज सकाळी फळ्यावर तारीख लिहिणारी मी, त्या नकाशावर हा कुठल्या वर्षाचा आहे ते लिहायला विसरले.

पुढचा पावसाळा गेला. दिवाळीनंतर मावशीने नेहमीप्रमाणे गाठी मारल्या. त्या साली पूर मोठा होता, त्यामुळे तिला तीनऐवजी पाच दिवस लागले. त्यानंतर आठवड्याभरात ट्रकमधून एक भला मोठा पत्र्याचा फलक आला आणि काठावर उभा राहिला. त्यावर रंगात माझा नकाशा होता. खाली लिहिलं होतं, पाहणी व रेखाटन, आणि पुढे त्या साहेबाचं नाव, हुद्द्यासकट. त्याखाली सूचना, की खात्याच्या मार्गदर्शकाशिवाय कुणीही आत प्रवेश करू नये. मार्गदर्शक म्हणजे कोण, तर शहरातून आणलेले विशीतले दोन तरुण. त्यांच्याकडे फायबरच्या लांबट, रंगीत होड्या होत्या. त्यांना कयाक म्हणतात हे मला तेव्हा कळलं. पाय पसरून बसायचं, पाणी कोपराला लागायचं, एकेक माणूस. आमचंच होडकं होतं ते, फक्त पिवळं, आणि त्याला डांबराचा वास नव्हता.

मावशीला वाचता येत नव्हतं. तिने मला फलकापुढे नेलं. "काय लिव्हलंय, वाच."

मी वाचलं. ती ऐकत होती, पण बघत होती चित्राकडे. मग तिने बोट पुढे करून कोपऱ्यावर ठेवलं.

"ही तर आपली कोंबडी," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. नेमणुकीचं, फाइलचं, तिला अचानक आनंद द्यायचा होता त्याचं. माझं तोंड चालू असताना ती शेजारच्या बाभळीची शेंग सोलत होती. त्या संध्याकाळी ताटात नेहमीसारखा मासा होता आणि नेहमीसारखाच तिने मधला तुकडा मला वाढला. मी इतकी संतापले होते, त्या साहेबावर, त्याच्या खात्यावर, त्या पिवळ्या होड्यांवर, की तिचं गप्प राहणं मला तिचा समजूतदारपणा वाटला.

डिसेंबरात त्या साहेबाचे मोठे साहेब सपत्नीक आले. दुपारी चार कयाक आत गेल्या. दोन तरुण, मोठे साहेब, त्यांची पत्नी आणि आमचे नकाशावाले, ज्यांना एका तरुणाने आपल्यापुढे बसवून घेतलं होतं. हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेला नकाशा. आत नव्या गाठी होत्या, पण गाठीकडे कोण बघतो? सरकारी नकाशा असताना गवताकडे बघायची गरज काय? सूर्य टेकला तरी कुणी परत आलं नाही. मग पाणकणसातून शिट्टी ऐकू येऊ लागली, आधी रुबाबदार, मग घाईची. जीपचा ड्रायव्हर धावत आमच्या दारी आला.

मावशीने भाकरी तव्यावर टाकली होती. तवा खाली उतरवला. मी म्हटलं, "मावशी, जाऊ नको. त्यांच्या मार्गदर्शकांना काढू दे." मी मनापासून म्हणत होते, आणि त्याची मला लाज नाही. ती होडकं ओढत म्हणाली, "येडी हायेस का? गाळ माणूस बघून गिळत नाय."

मी मागच्या होडक्यातून गेले. मोठे साहेब कयाकमधून उतरून ढकलायला गेले होते आणि मांडीपर्यंत रुतले होते. साहेबांच्या बाई आपल्या होडीत एक चप्पल छातीशी धरून बसल्या होत्या. आमचे साहेब नकाशा उलटा धरून तरुणांवर खेकसत होते. गेल्या वर्षी तिथे वळण होतं. मीच काढलं होतं ते. या वर्षी तिथे पातं मोडून पाण्याकडे बांधलेलं स्पष्ट दिसत होतं.

"साहेब, हलू नका," मावशी म्हणाली. तिने होडकं त्यांच्याजवळ आडवं लावलं. "आता पोटावर पडा हितं. कपडे नका बघू." साहेब पोटावर पडले. तिने आणि मी दोन बाजूंनी ओढलं, आणि गाळाने मोठा आवाज करून त्यांना सोडलं, बूट ठेवून घेतला. मग ती पुढे झाली. "समदे माझ्या मागं. कुणी पुढं यायचं नाय." पाचही जण मागून आले. काठावर आल्यावर बाईंनी मावशीचे दोन्ही हात धरले. मला वाटलं, बरं झालं, आता यांचे डोळे उघडतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी खात्याचे दोन शिपाई आले आणि मावशीचं होडकं घेऊन गेले. माझंही. कारण कागदावर लिहिलेलं होतं आणि वाचून मीच दाखवलं. नकाशात दर्शवलेल्या ठिकाणच्या खुणा हेतुपुरस्सर हलवून पाहुण्यांची दिशाभूल केली, असा ठपका होता. जिने त्यांना बाहेर काढलं, तिनेच आत अडकवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, नोकरी सांभाळा. तुमचं नाव त्यात कुठे नाही, हे नशीब समजा." माझं नाव त्यात नव्हतं हेच तर खरं दुखणं होतं. रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून मी नाशिकची एस.टी. पकडली. मावशीला बरोबर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ती इतक्या उंच इमारतीत आली होती आणि जिन्याचा कठडा सोडत नव्हती. माझ्या पिशवीत चित्रकलेची वही होती.

मोठ्या साहेबांच्या खोलीत आमचे नकाशावाले साहेब आधीच बसलेले होते. मावशीला कुणी बस म्हटलं नाही, म्हणून मीही उभी राहिले. मी म्हटलं, "साहेब, त्या फलकावर कोपऱ्यात एक कोंबडी आहे. ती तिथे का आहे, एवढं यांना विचारा."

मोठ्या साहेबांनी टेबलावरचा छापील नकाशा जवळ ओढला, चष्मा लावला. खरंच कोंबडी होती. त्यांनी शेजारी पाहिलं.

"सर, ते पक्षी म्हणून प्रतीकात्मक आहे," नकाशावाले म्हणाले.

मी वही उघडून टेबलावर ठेवली. पेन्सिलने काढलेली तीच वाट, तीच घरं, तीच एक पाय वर धरलेली कोंबडी, आणि वर माझ्या अक्षरात गाठींचे अर्थ. मग मी बोलत सुटले. गाळ दर वर्षी हलतो, गाठी दर वर्षी नव्या लागतात, पाहणी करणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असायला हवं होतं, आणि ज्या बाईने तुम्हाला गाळातून ओढलं तिला तुमच्या खोलीत खुर्ची नाही. आवाज इतका चढला असावा की दाराशी शिपाई येऊन उभा राहिला.

मोठ्या साहेबांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "बाई, झालं गेलं विसरून जा. होडी देऊन टाकू." बस्स. माफी नाही, ठपका मागे घेतल्याचा कागद नाही, नकाशावाल्याला एक शब्द नाही. दोन्ही होडकी परत आली, एकाचा पत्रा चेपलेला. मावशीने पाहुण्यांना पुन्हा न्यावं असंही तोंडी कळवलं, कारण ते दोन तरुण परत यायला तयार नव्हते. आणि फलक? फलक तिथेच राहिला, त्याच नावासकट. पंधरा दिवसांनी एक रंगारी आला आणि तेवढी कोंबडी हिरव्या रंगाने बुजवून गेला. आज हे लिहितानाही माझे कान तापतात.

मला वाटलं, मी जिंकून दिलं. गावभर तसं सांगितलंही. नाशिकला घरी वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिला विचारलं होतंस का आधी?" मी म्हटलं, "तिच्यासाठीच तर सगळं केलं ना."

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मावशीने पुन्हा गाठी मारल्या. एका रविवारी मी नेहमीसारखी तिच्यामागून आत गेले. पाणी संथ होतं. पहिली गाठ आली. दोन पाती खालून एकत्र घेतलेली, वर एक वेढा, टोक आत खोचलेलं. अशी गाठ मी कधी पाहिली नव्हती. पुढे दुसरी, तीही निराळी. एका ठिकाणी गाठ नव्हतीच, नुसतं एक पातं चिरलेलं होतं. मी ओळीने दहा-बारा पाहिल्या. त्यांतली एकही मला वाचता आली नाही.

"मावशी," मी विचारलं, "ही कोणती?"

पूर्वी ती होडकं थांबवायची, माझा हात धरायची. त्या दिवशी तिने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता.

"तू ये ना माझ्या मागं," ती म्हणाली, आणि फळकुटं पाण्यात घातली.

बदली होईपर्यंत मी तिच्याच पडवीत होते. मधला तुकडा ती मलाच वाढायची. गाठींचं मी पुन्हा विचारलं नाही. तीन घरांनी मला खोली नाकारली, त्यांच्यावर माझा राग आहे. त्या साहेबावर आहे, फलकावर आहे, त्या हिरव्या रंगाच्या डब्यावरसुद्धा आहे. पण जिने मला घरात घेतलं, तिने मला फक्त तिच्या गाठींबाहेर ठेवलं, आणि तिच्यावर चिडायला मला जागाच नाही.